केळव्यातलं आजोळचं घर: सिमेंटचा गिलावा मीच करून घेतला, आता भिंतींतला मिठाचा लोणा कसा काढू?

केळव्याची_नात (१४ ऑक्टोबर)

नमस्कार. राहते नाशिकला, गंगापूर रोडला, आणि प्रश्न आहे समुद्राकाठच्या घराचा. तरी इथेच विचारतेय, कारण जुन्या नाशकातले वाडे सांभाळणारे बरेच जण इथे लिहितात, आणि मला असा माणूस हवाय ज्याच्याकडे रविवारी जाऊन समोर बसून बोलता येईल.

घर केळव्याला, पालघर तालुक्यात. आईचं माहेर. आई एकुलती एक, त्यामुळे आजी गेल्यावर घर आईच्या नावावर आलं आणि बघायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असं गेलं की साडेचार तास लागतात. पावसाळ्यात किती ते विचारू नका. घरापासून सुरूच्या बनातून चालत गेलं की तीनशे पावलांवर वाळू.

माजघराच्या दाराच्या वरच्या पट्टीवर 'शके १८४८' कोरलंय, म्हणजे १९२६. जोतं काळ्या दगडाचं, कमरेइतकं उंच. सागाचे चौदा खांब, प्रत्येक आपापल्या तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर. मधल्या भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. छपरावर मंगळुरी कौलं. लहानपणी फुटकं कौल उलटं करून त्यावर उठवलेलं 'बासेल मिशन' वाचायचा आम्हाला नाद होता. पुढे ओटी, मग माजघर, डाव्या हाताला देवघर, मागे सैपाकघर, पडवी, न्हाणी. ओटीवर नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स, तांबड्या-पिवळ्या, आजोबांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेल्या. ओटीला सागाचा कठडा. चार वर्षांची असताना माझं डोकं त्याच्या गजांमध्ये अडकलं होतं. गज कापायला शेजारचा सुतार करवत घेऊन आला, आजीने त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि माझ्या दोन्ही कानांना खोबरेल चोपडलं. गज अजून जागेवर आहे. कानही आहेत.

आता माझं पाप सांगते. २००९ साली भिंतींचा चुना भुरभुरायचा. हात लावला की पांढरा, केर काढला की रोज सुपभर भुकटी. आजी म्हणायची, "दिवाळीला चुन्याचा हात देऊ, दर वर्षी देतोच की." मी म्हटलं, किती दिवस हे? आणि माझ्या पैशाने, माझ्या हौसेने, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर प्लास्टिक पेंट. फिकट बदामी. पहिली तीन-चार वर्षं येणारा-जाणारा म्हणायचा की घर कसं लख्ख केलंस. आजी काही बोलली नाही, पण त्या दिवाळीला तिने चुन्याचं डबडं माळ्यावर ठेवून दिलं.

आज त्या भिंतींची स्थिती अशी: जमिनीपासून छातीपर्यंत रंग पापडासारखा फुगलाय. टिचकी मारली की गिलाव्याचा पोकळ आवाज येतो. समुद्राकडच्या भिंतीचा एक पोपडा पडला, तर आतली वीट बोटाने खरवडली की पीठ. पांढरा लोणा गिलाव्याच्या मागे कापसासारखा साठलेला. त्याच भिंतीतले दोन खांब गिलाव्यात घोट्यापर्यंत बुडवले होते, ते खालून कुजलेत. छपराच्या रिपांनाही (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) ठिकठिकाणी वाळवी आहे, नारळ पडून फुटलेली कौलं तर मोजत नाही.

गावातल्याच एका कंत्राटदाराला दाखवलं. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला: कौलं उतरवा, भिंतींवर स्लॅब टाका, वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळून पुन्हा गिलावा करा, ओटीवर व्हिट्रिफाइड फरशी. साडेचौदा लाख. दादाला ते पटलंय. तो ठाण्याला असतो. त्याच्या डोक्यात वर दोन खोल्या काढून पर्यटकांना द्यायचं आहे, आणि त्यात चुकीचं काही नाही, घराने स्वतःचा खर्च काढला तर हवाच आहे.

मला संग्रहालय करायचं नाहीये, हे आधीच सांगते. आई ८१ वर्षांची आहे, तिला थंडीचे चार महिने तिथे राहायचंय. तिला कमोड हवा, गीझर हवा, रात्री उठल्यावर पाय घसरणार नाही अशी न्हाणी हवी. पण १९२६ चं घर पाडून त्याच जागी ठाण्यातली खोली उभी करायची असेल तर मग साडेचार तास गाडी हाकून तिकडे जाण्यात काय अर्थ?

तर मला कळत नाही ते हे: गिलावा पुन्हा करायचा की काढायचा? काढला तर भिंत उभी राहील का? कुजलेले खांब अख्खे बदलावे लागतात का? आणि चुन्याचं काम करणारा माणूस आता मिळतो तरी का?

स्पष्टवक्ता (१५ ऑक्टोबर)

ताई, राग मानू नका. वर्षातले आठ महिने कुलूप असलेल्या घरावर भावनेपोटी पैसा घालणं म्हणजे खाऱ्या वाऱ्यात नोटा वाळत घालणं. कौलारू घराला दर वर्षी माणूस लागतो. कौलं शाकारणार कोण? तुम्ही साठीला, दादा ठाण्याला, पुढची पिढी कुठे असेल देव जाणे. स्लॅब टाका, वर गच्ची मिळेल, निवांत व्हा. पाहिजे तर ओटी जुनी ठेवा फोटोपुरती.

चिरेबंदी (१५ ऑक्टोबर)

स्लॅबचं सर्वांत शेवटी बोलतो. आधी लोण्याचं. (लोणा, लोणी नव्हे. आमच्या साइटवर नवीन पोरं हसतात म्हणून खुलासा.)

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, कॉलेज रोडला ऑफिस. अलिबाग ते डहाणू किनाऱ्यावर बरीच दुरुस्तीची कामं केली आहेत. तुमचं वर्णन वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की २००९ साली तुमच्या भिंतीला रोग झालाच नव्हता. ती भुकटी हेच चुन्याचं काम होतं.

जोत्याखालून ओल वर चढते, समुद्रावरून खारट हवा येते. दोन्हीतून मीठ विटेत शिरतं. ओल पृष्ठभागावर येऊन सुकते तेव्हा पाणी उडतं आणि मीठ तिथेच स्फटिक होऊन बसतं. स्फटिक वाढताना आजूबाजूचं फोडतं. चुन्याचा गिलावा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ओल त्याच्यातून बाहेर पडते आणि फुटायचंच तर तो फुटतो. वीट वाचते. वर्षभर भुकटी झाडायची, दिवाळीला नवा हात द्यायचा. तुमची आजी दर वर्षी भिंतीतलं मीठ सुपाने बाहेर काढत होती.

सिमेंटने तो रस्ता बंद झाला. ओल बाहेर पडेना म्हणून भिंतीतच वर चढली. गुडघ्यापर्यंत असायची ती छातीपर्यंत आली असणार. मीठ गिलाव्यामागे विटेच्या तोंडाशी साठलं आणि आता वीट फुटतेय. वर प्लास्टिक पेंट म्हणजे रेनकोटवर रेनकोट. वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेला नवा गिलावा म्हणजे तिसरा रेनकोट.

म्हणून गिलावा काढायचा, पण असा:

हातोडी आणि बारीक छिन्नी, ब्रेकर अजिबात नाही. ब्रेकरने गिलाव्याबरोबर विटेचं तोंड उडतं. एका वेळी एकच भिंत. जिथे घट्ट चिकटलाय आणि ओढताना वीट सोबत येतेय तिथे घाई करू नका, पावसाळ्यापर्यंत वेळ आहे. भिंत उघडी झाली की नोव्हेंबर ते मे तशीच नागडी ठेवा. लोणा आपोआप बाहेर येईल. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही, कारण पाण्याने विरघळून परत आत जातो. झाडलेला कचरा रोज उचलून लांब टाका, जोत्याशी पडू देऊ नका. जिथे फारच मीठ आहे तिथे कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून अर्धा-पाऊण इंच जाड थापा, पूर्ण सुकू द्या, सोलून काढा. सुकताना तो मीठ ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं. ज्या विटांचं पीठ झालंय तेवढ्याच काढून जुन्या मापाच्या विटा चुन्यात बसवा. माजघराच्या आतून अशा थोड्या विटा कुठे मिळाल्या तर सोनं समजा, आजच्या विटेचं माप जुळत नाही.

खांब अख्खे बदलू नका. खालचं कुजलेलं कापा, वरचं निकोप लाकूड ठेवा, आणि सुकलेल्या सागाचा नवा पाय तिरप्या सांध्याने जोडा. खांब पुन्हा तळखड्यावर उघडा बसला पाहिजे, गिलाव्यात गाडायचा नाही. कापण्याआधी वरची तुळई टेकू देऊन उचलून धरायची, आणि हे काम कोणाच्या देखरेखीशिवाय करू नका. वर तुळयांची भिंतीत घुसलेली टोकंही ठोकून बघा. बद आवाज आला तर आत कुजलंय.

आता स्लॅब. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण २९ किलो. मंगळुरी कौलं सुमारे ४ किलो, वासे-रिपा धरून ७ च्या आत. चुन्यातल्या विटा आणि सागाचे खांब यांनी गेली शंभर वर्षं ७ किलो उचललंय, त्यांच्या डोक्यावर चौपट ओझं ठेवायचं आणि तेही खालून विटेचं पीठ होत असताना? शिवाय समुद्राजवळ सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून स्लॅब खालून फुटून पोपडे पडतात. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनाऱ्यालगतचं बांधकाम 'तीव्र' वर्गात मोडतं: किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. तुमच्या कंत्राटदाराला हे दोन आकडे विचारा. दहा मिनिटांत निकाल देणारा काय म्हणतो ते कळवा.

एक प्रश्न राहिला. अंगणात, भिंतीला लागून, पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केलाय का?

केळव्याची_नात (१५ ऑक्टोबर)

हो. पेव्हर ब्लॉक. २०१४ ला. मीच.

चिरेबंदी (१५ ऑक्टोबर)

:) भिंतीपासून तीन फूट तरी उचला. मातीतली ओल वर यायला अंगण बंद, मग ती भिंतीतूनच वाट काढणार. तिथे खडी भरा आणि उतार घराच्या बाहेर द्या. उचललेले ब्लॉक विहिरीपर्यंतच्या वाटेला वापरा, म्हणजे पैसे वाया गेले असं वाटणार नाही.

बागाईतदार_निफाड (१६ ऑक्टोबर)

ताई, चुन्याचं काम करणारा मिळतो का असं विचारलंत. गवंडी शोधावा लागेल, पण चुना तयार करणं आम्हा द्राक्षवाल्यांकडून शिका. बोर्डो (द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक) करणाऱ्या प्रत्येकाच्या शेडवर कळीचा चुना असतो. एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. त्यात चुना खराब निघाला तर पानं जळतात, म्हणून आम्ही चुना पारखून घेतो.

पारख अशी. कळी म्हणजे दगडासारखा खडा पाहिजे, हलका, आणि पाण्यात टाकला की सूं करून उकळला पाहिजे. पोत्यात आपोआप पावडर झालेला घेऊ नका, तो हवा खाऊन मेलेला असतो. ड्रममध्ये आधी पाणी, मग खडे थोडे थोडे टाकायचे. उलटं केलं की अंगावर उडतो. डोळ्याला चष्मा लावा, हे गमतीत घेऊ नका, माझ्या चुलतभावाचा डोळा थोडक्यात वाचलाय. लोखंडी टिकाव-घमेली चालतात, ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो.

विरला की बारीक जाळीतून गाळून दुसऱ्या ड्रमात, वर चार बोटं पाणी कायम ठेवून झाकून द्यायचा. बोर्डोला ताजा लागतो, पण गिलाव्याला जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. आमच्या वडिलांनी घराच्या मागच्या भिंतीला केला होता तेव्हा दोन पावसाळे मुरवला होता. तुम्हाला निदान दोन-तीन महिने तरी द्या. आता विरवलात तर जानेवारीत हाताशी येईल.

माझ्याकडे निळे दोनशे लिटरचे ड्रम रिकामे आहेत. फोन करून या, खडे कुठून घ्यायचे ते दाखवतो.

पालघरचा (१७ ऑक्टोबर)

केळव्याचं नाव बघून थांबलो. आमचं माहीमला आहे (मुंबईचं नव्हे, केळव्याशेजारचं), तुमच्याहून पाच मैलांच्या आत.

आधी कागद. तुमची तीनशे पावलं म्हणजे साधारण दोनशे मीटर, आणि नेमकं त्याच रेषेवर घोळ आहे. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत, अंतर भरतीरेषेपासून मोजतात, वाळू सुरू होते तिथपासून नव्हे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असलेला पट्टा असतो. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या भागांसाठी तो ५० मीटरवर आणलाय, पण तुमचं गाव कुठे बसतं ते मंजूर नकाशावरच बघा, कोणाच्या तोंडी ऐकू नका. मनाईच्या पट्ट्यातसुद्धा आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि एफएसआय (जागेच्या मानाने एकूण बांधकाम) वाढवायचा नाही. म्हणजे दादांच्या वरच्या दोन खोल्या अडकल्याच. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची. त्याआधीचा ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आजीच्या ट्रंकेत असेल तर लॅमिनेट मात्र करू नका, प्रती काढून ठेवा.

काम सुरू करण्याआधी घराची मापं आणि चारही बाजूंचे फोटो तारखेसकट काढा. उद्या कोणी 'नवीन बांधलं' म्हटलं तर दाखवायला.

कौलं. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, कितीही दाबा. नवीन आणून जुन्यात मिसळलीत की गळणारच. आम्ही असं केलं: उतरवताना धड असलेली सगळी जुनी कौलं रस्त्याकडच्या पाखावर (छपराच्या उतारावर) घातली, मागच्या पाखावर सगळी नवीन. घर समोरून होतं तसंच दिसतं. कौलाखाली सरसकट प्लास्टिक पसरू नका, रिपा घाम धरून सडतात.

खिळे-स्क्रू हा खर्च वाचवायचा नाही. साधं लोखंड इथे दोन पावसांत फुगतं आणि लाकूड चिरतं. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ ग्रेडचं, ३०४ ला आमच्याकडे तांबूस ठिपके येतात. बाकी जिथे मूळची लाकडी खुंटी आहे तिथे खुंटीच.

आणि स्पष्टवक्ता साहेब, तलासरी-डहाणू पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हादरत होती. धुंदलवाडीची माणसं कित्येक रात्री घराबाहेर झोपली. केळवं तिथून लांब आहे, पण पालघर जिल्ह्यात जुन्या भिंतींवर जड छप्पर ठेवायला सांगताना एवढं तरी आठवा.

स्पष्टवक्ता (१७ ऑक्टोबर)

बरं बाबा, स्लॅब मागे घेतो. पण माझा मूळ मुद्दा जागेवर आहे: दर वर्षी बघणार कोण?

केळव्याची_नात (१८ ऑक्टोबर)

स्पष्टवक्ता, राग नाही आला. तुमचा मुद्दा खरा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगते की स्लॅब टाकूनही सुटला नसता. शेजारचं १९९४ सालचं स्लॅबचं घर खालून सळया दाखवत उभं आहे.

कंत्राटदाराला एम-३० विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, एवढं गावाला लागत नाही."

चुना विरवायला निफाडला येतेय रविवारी.

पंचवटीकर (२० ऑक्टोबर)

उशिरा लिहितोय. वय ७४, टायपिंगला वेळ लागतो.

आमचा वाडा गोदावरीच्या पुराच्या पट्ट्यात. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टात पाणी आत होतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की आम्ही धान्य वरच्या मजल्यावर न्यायला लागतो, बाकी नाशिक पूर बघायला येतं. तुमचं मीठ, आमचा गाळ. दुखणं वेगळं पण औषध बरंचसं तेच, इंजिनिअर साहेबांनी बरोबर सांगितलंय.

मी फक्त माझी चूक सांगतो. २०१० साली दिंडी दरवाजाकडची बाजू सोडवून दुरुस्त केली. प्रत्येक तुळई, पाट, खांब यांवर मी स्वतः खडूने आकडे घातले. लाकडं अंगणात रचली, वर ताडपत्री. जूनच्या पहिल्या सरीला ताडपत्री उडाली आणि आकडे धुऊन गेले. शंभरावर लाकडं, सगळी एका रंगाची. पुढचे दोन महिने सुतार आणि मी कोडं सोडवत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांध्याच्या आतल्या अंगाला छिन्नीने मारलेल्या रेघा दाखवल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली. मूळच्या सुतारांनी जोडताना केलेल्या खुणा. ज्या दोन लाकडांवर सारखी खूण ती एकमेकांची. तुमच्याही सांध्यांत असतील, सोडवताना बघा. आणि तरीही पितळी पत्र्याचे बिल्ले ठोका, आकडे घालून. खडू नको.

दुसरं, वायर आणि नळ. भिंतीत खाच पाडायची नाही. वायर लाकडी पट्टीवरून, पूर्वी असायची तशी, उघडी न्या. कमोड आणि गीझरची न्हाणी मागच्या पडवीत वेगळ्या हलक्या बांधणीत करा, म्हणजे पाण्याचा नळ फुटला तरी माजघराची भिंत भिजणार नाही. आईंसाठी माजघरापासून तिथवर एकच पातळी ठेवा आणि धरायला सागाची दांडी. उंबरा मात्र कापू नका, दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून ठेवा, काढता येईल असा.

तिसरं, ओटीच्या टाइल्सना ॲसिड लावू देऊ नका. फरशी पुसणारे हमखास लावतात. रंग जातो तो परत येत नाही. कोमट पाणी, साधा साबण, मग मेण.

आमच्याकडे सुंदरनारायणाच्या देवळाचं काम पुरातत्त्व खात्याने काढलं तेव्हा मी कित्येक संध्याकाळी तिथे उभा राहिलोय. १७५६ चं देऊळ. जुना दगड उतरवणं, त्यावर आकडा घालणं, नवा दगड घडवून त्या जागी बसवणं. घाई कुणालाच नव्हती. बायको म्हणायची, यांना देवापेक्षा दगडांत रस. खरं होतं.

कधी आलात तर वाडा दाखवेन. जिना चढताना डोकं सांभाळा.

केळव्याची_नात (२२ फेब्रुवारी)

चार महिन्यांनी लिहितेय. ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्यांना कळवायला हवं म्हणून.

माजघर आणि समुद्राकडची बाहेरची भिंत सोलून झाली. हातोडी-छिन्नीने, माहीमच्या दोन गवंड्यांनी, सव्वीस दिवस. एका भिंतीला गिलावा इतका घट्ट होता की तो तसाच सोडलाय, पुढच्या वर्षी बघू. देवघराशेजारी सिमेंटखाली एक कोनाडा निघाला. २००९ ला माझ्याच माणसांनी विटांचे तुकडे भरून बंद केला होता आणि मला पत्ताही नव्हता. आईला होता. ती म्हणाली, "तिथे चिमणी ठेवायचे, काजळी अजून असेल बघ." होती. आतल्या थरांत चुना-निळीचा रंग निघालाय, आकाशीपेक्षा थोडा गडद. बदामी तर आता डोळ्यांनाही नको वाटतो.

लोणा सुरुवातीला रोज घमेलंभर निघायचा, आता आठवड्याला मूठभर. लगदा तीनदा लावला. रद्दी भिजवून कुटायचं काम आईने घेतलं. तीस-चाळीस विटा बदलल्या, मागच्या पडक्या गोठ्यातून काढून.

खांबांचे पाय जोडले. सांध्यांत खरंच छिन्नीच्या खुणा आहेत, पंचवटीकर काका. दोन रेघा आणि एक फुली. मी फोटो काढलेत, येईन तेव्हा दाखवते. बिल्ले पितळीच ठोकले.

चुन्याचा पहिला तुकडा फसला. तीन फूट बाय तीन फूट करून बघितला होता, दुसऱ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. समुद्राचा वारा थेट लागत होता, तो ओलावा पिऊन गेला. दुसऱ्यांदा चिरेबंदी सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, खालच्या थरात तागाचे बारीक तुकडे, आणि वर दिवसातून तीनदा भिजवलेली पोती टांगली. बारा दिवस झाले, चीर नाही. (गवंड्याला सांगावं लागलं की किनाऱ्यावरची वाळू फुकट असली तरी नको.)

दादा जानेवारीत येऊन गेला. वरच्या खोल्यांचं कागदपत्रांवरून त्यानेच बंद केलं. अर्धा दिवस छिन्नी चालवली, अंगठा ठेचून घेतला, आणि संध्याकाळी ओटीवर बसून म्हणाला की पाहुण्यांना द्यायचं तर हेच द्यायचं. बघू. न्हाणी पडवीत झाली आहे, आई ती वापरतेय. कौलं मार्चअखेर उतरवणार, धड जुनी रस्त्याकडे, नवीन मागे.

आतापर्यंत खर्च सहा लाख दहा हजार, छप्पर सोडून.

आता अडलंय ते असं: चुना संपत आलाय. पहिला ड्रम माजघरालाच लागला. बाहेरच्या भिंतीला निदान तेवढाच हवा, आणि तो मुरलेला असायला हवा. पावसाळ्याआधी बाहेरची भिंत होईल का, की एक पावसाळा झाप (नारळाच्या झावळ्यांचा आडोसा) बांधून तशीच ठेवू?

चिरेबंदी (२२ फेब्रुवारी)

झाप बांधा. मे महिन्यात घाईने केलेला चुना जूनपर्यंत आतून कच्चा राहतो आणि पहिल्या झडीत ओघळतो. उघडी वीट एक पावसाळा झापाआड काढेल, पंधरा वर्षं सिमेंटखाली काढलीच की. ऑक्टोबरनंतर निवांत करा.

बागाईतदार_निफाड (२३ फेब्रुवारी)

ताई, तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी आणखी एक ड्रम विरवून ठेवला होता, वाटलंच होतं कमी पडेल म्हणून. ऑक्टोबरपर्यंत वर्षाचा होईल, एक नंबर. पाणी मी बघतो. पहिला निळा ड्रम तेवढा रिकामा झाला की परत आणा, एप्रिल छाटणीनंतर लागेल.